गीतसंग्रहाचे स्थलांतर

आमच्या वसईकडील घरी १९८६ साली धाकट्या मावशीचे लग्न झाले. मांडवाच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी त्या वेळी कोणीतरी टू-इन-वनवर ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. साठ मिनिटांची एकच कॅसेट. दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी, सारी आमच्या सामवेदी बोलीतली. २००८ साली मी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. मोठ्या मावशीला शेजारी बसवून एकेक गाणे ऐकवले आणि कोणते गाणे कोणी उचलले, मागून कोणाचा आवाज येतो, मध्येच हसते ती कोण, हे सारे तिच्याकडून विचारून प्रत्येक गाण्यापुढे टंकून ठेवले. पुढे मावशी गेली. दोन वर्षांपूर्वी तो संगणक वरचेवर बंद पडू लागला म्हणून नवा आणला. पुतण्याने सारा संग्रह तासाभरात नव्या यंत्रावर नेऊन ठेवला. गाणी वाजू लागली, परंतु चौदाही गाण्यांपुढे अनुक्रमांकाखेरीज काही नव्हते. "काका, फायली तर सगळ्या आल्यात," असे तो पुन्हापुन्हा सांगत होता, आणि त्याचे म्हणणे खरे होते.

सगळे आले असताना हरवले काय, हा प्रश्न मला काही दिवस स्वस्थ बसू देईना. त्याचा शोध घेता घेता संगणकावरील संगीताचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहासच चाळावा लागला.

त्या इतिहासाचा आरंभ कॉम्पॅक्ट डिस्कपासून करावा लागतो. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात विक्रीस आली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीची मोजणी करायची आणि प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवायचा, अशी ती पद्धत. या हिशेबाने एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. घरगुती संगणकाची सारी साठवण काहीशे मेगाबाइटांत मोजली जात होती त्या काळी एका तबकडीने तिचा बहुतेक भाग व्यापला असता. तबकडीवरील गाणी संगणकात ठेवण्याचा विचार त्यामुळे कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

ही अडचण दूर झाली ती जर्मनीतील एर्लांगेन या गावी. तेथील विद्यापीठातील प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना दूरध्वनीच्या तारेतून संगीत पाठवायचे होते आणि त्यासाठी ते आकसून लहान करणे भाग होते. त्यांचे शिष्य कार्लहाइन्त्झ ब्रांडेनबुर्ग यांनी फ्राउनहोफर संस्थेतील सहकाऱ्यांसह हे काम तडीस नेले. त्यांची युक्ती मानवी कानाच्या मर्यादेवर आधारलेली आहे. घंटा घणघणत असताना शेजाऱ्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही; मग जी ऐकूच यायची नाही ती कुजबुज साठवायची कशाला? सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेने साथीविना गायिलेले एक गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी पुन्हापुन्हा ऐकून आपली पद्धत पारखली, कारण एकट्या मानवी आवाजात झालेली खराबी कानाला लगेच कळते. १४ जुलै १९९५ रोजी या मंडळींनी आपसांत मत घेऊन फायलीच्या नावापुढे 'एमपी३' ही अक्षरे लावण्याचे ठरवले. आता मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट पुरू लागला. गाणी संगणकात राहायला आली ती तेव्हापासून.

येथे एका चमत्कारिक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाज होता, तथापि बहुसंख्य तबकड्यांवर गाण्यांची नावे आकड्यांच्या रूपात नव्हतीच. नावे होती ती सोबतच्या कागदावर छापलेली. संगणकाला तो कागद कसा वाचता येणार? म्हणून १९९० नंतरच्या दशकात कोणत्या तबकडीवर कोणती गाणी आहेत, याची एक सामाईक यादी उभी राहिली. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरच्या तबकड्यांवरील नावे फुकट टंकून ती यादी वाढवली. पुढे ती एका खासगी कंपनीच्या मालकीची झाली, आणि ज्यांनी रात्री जागून नावे टंकली त्यांना फार वाईट वाटले. असो.

एमपी३ फायलीतही प्रथम नावाला जागा नव्हती. १९९६ साली एरिक केम्प या गृहस्थांनी फायलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी चिकटवण्याची सोय काढली. नावाला ३० अक्षरे, गायकाला ३०, संग्रहाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. उरलेल्या जागेत चिठ्ठीची खूण व गाण्याचा प्रकार. ही सोय इंग्रजी अक्षरांचा विचार करून केलेली होती. देवनागरीला त्या चिठ्ठीत रीतसर स्थान नव्हते. १९९८ पासून आलेल्या नव्या आवृत्त्यांत ते मिळाले. पुष्कळांच्या जुन्या संग्रहांत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

चिठ्ठी फायलीला चिकटलेली असल्यामुळे गाणे जाईल तेथे ती जाते. पण संग्रह शेकड्यांवरून हजारांवर गेला, तेव्हा चिठ्ठ्या पुरेनाशा झाल्या आणि ग्रंथपालासारखा कोणी सूचिकार हवा झाला. ॲपल कंपनीने ९ जानेवारी २००१ रोजी 'आयट्यून्स' नावाची आज्ञावली लोकांपुढे ठेवली. ती अशा सूचिकारांपैकी सर्वांत प्रसिद्ध. हा सूचिकार गाण्यांच्या फायलींव्यतिरिक्त स्वतःची एक वेगळी वही ठेवी. कोणते गाणे कोठे ठेवले आहे, ते किती वेळा ऐकले, किती आवडले, संग्रहात कधी दाखल झाले, कोणत्या यादीत कितव्या क्रमाने आहे, या साऱ्या नोंदी त्या वहीत. गाण्याचा पत्ताही तेथे पुरता लिहिलेला असे: कोणती डिस्क, तिच्यातील कोणता कप्पा, त्यातील कोणती फाइल. घर बदलले की जुना पत्ता निरुपयोगी ठरतो. गाणी नव्या संगणकावर दुसऱ्या कप्प्यात ठेवली की सूचिकार जुन्याच दारावर थाप मारी आणि उत्तर आले नाही की नावापुढे उद्गारचिन्ह काढून मोकळा होई. उलट केवळ गाणी नेऊन वही मागे ठेवली, तर सारा संग्रह नव्याने आणल्यासारखा अनोळखी होऊन बसे.

याच आज्ञावलीच्या दुसऱ्या आवृत्तीची एक कथा सांगण्यासारखी आहे. २००१ च्या नोव्हेंबरच्या आरंभी ती मॅकिन्टॉश संगणकांसाठी प्रसृत झाली. ती बसवताना आधीची आवृत्ती पुसून टाकायची असे. परंतु ज्यांनी आपल्या डिस्कच्या नावात एखादी मोकळी जागा सोडली होती, त्यांच्या बाबतीत पुसण्याच्या आज्ञेचा अर्थ भलताच लागला आणि काहींची डिस्कच्या डिस्क कोरी झाली. आज्ञेतील त्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायची राहिली होती, एवढेच. कंपनीने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन सुधारित आवृत्ती दिली. आमच्या शाळेतील मास्तर विरामचिन्हांसाठी छडी उगारीत, त्यांना हे कळते तर ते किती सुखावले असते!

त्यानंतर संग्रहात आणखी एक वस्तू शिरली, ती म्हणजे परवानगी. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने २,००,००० गाण्यांचे दुकान उघडले. गाण्यास ९९ सेंट. विकत घेतलेल्या गाण्याला एक अदृश्य कुलूप असे आणि ते प्रथम तीनच व २००४ पासून पाच संगणकांवर उघडे. जुना संगणक विकण्यापूर्वी त्याची परवानगी आठवणीने रद्द करावी लागे. नाही तर तो पाचांतला एक म्हणून मोजला जाई. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाच्या ग्राहकांना तर २००८ च्या एप्रिलमध्ये कळवण्यात आले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ज्या यंत्रावर गाणी वाजतात तेथे वाजत राहतील, पण यंत्र बदलले की ती मुकी होतील. पैसे मोजून घेतलेली वस्तू नव्या घरी न्यायची नाही, असाच त्याचा अर्थ झाला. लोक संतापले, तेव्हा कंपनीने ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. त्याच वर्षी याहूच्या दुकानानेही आपली किल्ल्यांची खिडकी बंद केली व ग्राहकांना भरपाई देऊ केली. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २००७ च्या फेब्रुवारीत उघड पत्र लिहून कुलुपांचा दोष ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आग्रहाकडे दिला होता. त्यांच्या दुकानातील गाण्यांची कुलुपे अखेर २००९ मध्ये निघाली.

आपल्याकडे हे प्रकरण फारसे जाणवले नाही. ॲपलचे ते दुकान भारतात आले डिसेंबर २०१२ मध्ये, कुलुपे गेल्यानंतर. आपल्या घरांतील संग्रह कॅसेटींवरून आणि एकीत शंभर-दीडशे गाणी मावणाऱ्या एमपी३ तबकड्यांवरून आलेले. त्यांना परवानगीचा जाच नव्हता, तशी वहीही नव्हती.

स्थलांतरात गाणीच नाहीशी झाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१९ मधील आहे. मायस्पेस या अमेरिकन संकेतस्थळावर असंख्य नवोदित गायक-वादकांनी आपली गाणी ठेवली होती. कंपनीने आपला साठा एका यंत्रसमूहावरून दुसऱ्यावर हलवला आणि त्यात २००३ ते २०१५ या काळातील गाणी नष्ट झाल्याचे त्या वर्षी मार्चमध्ये उघड झाले. ती ५ कोटींच्या घरात असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. एका संशोधक गटाने अभ्यासासाठी पूर्वीच उतरवून घेतलेली सुमारे ४,९०,००० गाणी इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या हाती लागली व वाचली. ज्यांनी गाणी तेथे ठेवून घरची प्रत मोडीत काढली होती, त्यांपैकी बहुतेकांच्या हाती काही उरले नाही.

हे सारे वाचल्यावर माझ्या चौदा गाण्यांचे काय झाले, याचा उलगडा झाला. २००८ साली एका जाणत्या मित्राने मला बजावले होते की, एमपी३मध्ये आवाज छाटला जातो. घरची दुर्मीळ गाणी 'वेव्ह' या न छाटलेल्या स्वरूपात ठेव. त्याचा सल्ला आवाजापुरता चोख होता. पण वेव्ह फायलीत चिठ्ठीची सोय जेमतेम. माझ्या आज्ञावलीने तर मी टंकलेली नावे फायलींत घातलीच नव्हती. ती सारी सूचिकाराच्या वहीत राहिली. आम्ही ६०० मेगाबाइटांचा आवाज आणला आणि काही किलोबाइटांची वही जुन्या संगणकात सोडली. ती आणावी हे मला सुचले नाही, पुतण्याला तर ती आहे हेच ठाऊक नव्हते. आणि उलगडा होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याकडे जाऊन महिना लोटला होता.

कॅसेट मात्र कपाटात होती. फितीला बुरशी लागलेली, परंतु डबीतला कागद शाबूत. त्यावर निळ्या शाईत कोणीतरी १९८६ सालीच गाण्यांचे पहिले शब्द ओळीने लिहून ठेवलेले. त्यावरून चौदा गाण्यांची नावे लागली. म्हणणाऱ्यांची नावे त्यावर नाहीत. धाकट्या मावशीला बोलावून ऐकवले. तिने नऊ आवाज ओळखले, एकाविषयी तिचे आणि माझ्या आईचे एकमत होईना. मध्येच हसते ती कोण, हे मोठ्या मावशीने मला सांगितले होते. मी टंकलेही होते. आता आठवत नाही.

पुतण्याने या खेपेस सारी नावे फायलींच्या नावातच घातली आहेत, आणि डबीतल्या कागदाचे छायाचित्र काढून ते त्याच कप्प्यात ठेवले आहे.