अट राहिली, कारण गेलं

परवा शनिवारी डेबियनच्या एका पॅकेजची कंट्रोल फाइल उघडून बसलो होतो. त्यात एक ओळ: अमुक लायब्ररी हवी, अमुक आवृत्ती किंवा तिच्या पुढची. गंमत म्हणजे त्याहून जुनी आवृत्ती आता कुठल्याच चालू रिलीजमध्ये नाही. म्हणजे अट जागेवर, उपयोग शून्य! डेबियनमध्ये अपग्रेड एका रिलीजवरून लगेच पुढच्याच रिलीजवर करायचं असतं, मधली गाळायची नाही. त्यामुळे फार मागच्या अटी बिनधास्त काढता येतात. 'डेबियन जॅनिटर' नावाच्या बॉटने हे झाडूकाम बऱ्याच पॅकेजेसमध्ये केलं.

ते बघताना मला एकदम आपला खान्देश आठवला. कापूस एकाधिकार खरेदी योजना!

कायदा १९७१चा, अंमल १९७२पासून. अट साधी: महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्याला नाही आणि राज्याबाहेर तर नाहीच. सरकार पणन महासंघामार्फत खरेदी करणार, जिनिंग करून गाठी विकणार. अट घातली तेव्हा कारण खरं होतं. हंगामात माल एकदम बाजारात आला की भाव पडायचे आणि पैशांची नड असलेला शेतकरी मिळेल त्या भावाला विकून मोकळा व्हायचा. त्याला हमी हवी होती.

पण शेजारची राज्यं या अटीत नव्हती. जळगाव मध्य प्रदेशाला लागून, आणि धुळे (नंदुरबार १९९८पर्यंत धुळ्यातच होतं) मध्य प्रदेश आणि गुजरात दोन्हींना. तिकडे भाव चढला की शिरपूरच्या पुढे, आग्रा रोडने सेंधव्याकडे कापूस चोरून जायचा. इकडचा सरकारी भाव जास्त असला की उलट, बाहेरचा कापूस आत यायचा. म्हणजे तेजीत सरकारच्या हाती माल नाही, आणि मंदीत मात्र सगळा तोटा सरकारच्या गळ्यात. शेतकऱ्याचे पैसे हप्त्यांनी. आणि स्वतःचाच कापूस सीमेपलीकडे नेला तर तो गुन्हेगार!

शेवटी २००२-०३च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली. तीस वर्षं लागली हो एक ओळ काढायला.

पण इथे एक मेख आहे. पॅकेजमधली जुनी अट काढली तर काही बिघडत नाही, कारण तिचं काम नव्या आवृत्तीने आधीच केलेलं असतं. एकाधिकारात मात्र बंदी आणि हमी एकाच पॅकेजमध्ये बांधलेली होती. बंदी जायलाच हवी होती, पण ज्या कारणासाठी ती आली ते संपलं होतं का? हंगामात भाव पडला की कापूस उत्पादक आजही हमीभावाच्या खरेदी केंद्राकडे डोळे लावून बसतो.

म्हणून एखादी जुनी अट दिसली की मी आता दोन प्रश्न विचारतो. ही का आली होती? आणि ते काम आता कोण करतंय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा चेंजलॉगमध्ये सापडतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं.

असो. बिल्ड संपलं, चहा घेतो.