सॅल्व्हियाचें गोत्र



हिवाळ्यांत सार्वजनिक बागांतून तांबड्याभडक तुऱ्यांचे ताटवे आपण पाहिले असतील. माळी त्यांस सॅल्व्हिया म्हणतो. पूर्वीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें सॅल्व्हिया व तुळस यांच्या काड्या माझ्या मेजावर ठेवून विचारलें, "गुरुजी, या दोघी बहिणी का हो?" पुस्तकांत तसें लिहिलेलें नव्हतें, मीं त्यास गप्प बसविलें. तो प्रश्न किती जुना आहे, हें मला मागाहून कळलें.

१७५३ सालीं स्वीडनचा पंडित लिनियस यानें सर्व ज्ञात वनस्पतींची व्यवस्था लाविली. वर्ग ठरवितांना त्याची मुख्य खूण पुंकेसरांची होती. सॅल्व्हियाचे कार्यक्षम पुंकेसर दोन, म्हणून ती एका वर्गांत गेली. रोझमेरी तिच्या जोडीस बसली. तुळशीचे पुंकेसर चार, दोन लांब व दोन आंखूड. ती दूरच्या वर्गांत पडली. दोघींचें खोड चौकोनी, पानें समोरासमोर, फूल दोन ओठांचें. तरी एका मोजणीनें भावकी दुभंगली!

१७८९ सालीं फ्रान्सच्या जुस्यूनें अनेक लक्षणें एकत्र विचारांत घेऊन या सर्वांस एका नैसर्गिक कुलांत आणिलें. पुढें इंग्रज बेंथॅमनें १८३२ ते १८३६ या काळांत त्या कुलाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला व सॅल्व्हियाचे पोटभाग पाडले. बागेंतील तांबडी सॅल्व्हिया मूळची ब्राझीलची. निळी मेक्सिको व टेक्सस यांकडची. प्रजाति एक, जाति निराळ्या.

सॅल्व्हियाचा पुंकेसर तरफेसारखा असतो. मधमाशी आंत शिरली कीं तो लवून तिच्या पाठीवर पराग टाकतो. हीच प्रजातीची मुद्रा, असें मानीत. परंतु २००४ सालीं जनुकांच्या तपासणींत दिसलें कीं, अशी तरफ एकाहून अधिक वेळां स्वतंत्रपणें उत्पन्न झाली आहे. आणि रोझमेरी सॅल्व्हियांच्या मधल्याच फांदीवर बसते. म्हणून २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं तिला सॅल्व्हिया प्रजातींतच घेतलें. आतां या प्रजातींत सुमारें १००० जाति आहेत.

लिनियसच्या एकाच मापानें रोझमेरी योग्य जागीं बसली व तुळस अयोग्य जागीं. माझ्या विद्यार्थ्यानें मात्र काड्या हातांत घेऊन पाहिल्या होत्या. तुळस सख्खी नव्हे, तरी एकाच कुळांतली बहीण खरीच. तेव्हां त्यास शाबासकी द्यावयाची राहून गेली, ती आज येथें देतों.

बागेंत गेलांत तर सॅल्व्हियाचें खोड बोटांत फिरवून पाहावें, आणि घरीं येऊन तुळशीपाशीं जावें.