मोजणारे आणि मोजले जाणारे

दरवर्षी जगातील देशांची गुणपत्रिका प्रसिद्ध होते. एक नव्हे, अनेक. संयुक्त राष्ट्रांचा मानवी विकास अहवाल २०२५ साली निघाला, त्यात १९३ देशांमध्ये भारताचा क्रमांक १३० वा होता. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाच्या ‘व्ही-डेम’ या संस्थेने २०२१ मध्ये भारताचे वर्णन ‘निवडणुका घेणारी एकाधिकारशाही’ असे केले. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘फ्रीडम हाउस’ने भारताला ‘मुक्त’ देशांच्या यादीतून काढून ‘अंशतः मुक्त’ देशांच्या यादीत बसविले. सरकारने हे निष्कर्ष नाकारले, विरोधकांनी ते उचलून धरले आणि आठवड्याभरात सगळे विसरले.

जुन्नर तालुक्यातील डिंगोरे हे गाव ओतूरच्या पश्चिमेस, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या गुणपत्रिकेत डिंगोरे कोठे आहे? जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावाची एक ओळ असते: घरे, माणसे, पुरुष, स्त्रिया, साक्षर, काम करणारे. अशा लाखो ओळींची बेरीज होऊन देशाचा आकडा बनतो व तो जगाच्या तक्त्यात जाऊन बसतो. त्या तक्त्याकडून उलट डिंगोऱ्याकडे मात्र काहीच येत नाही. माणसे मोजण्याचा हा उद्योग आपल्या मुलखात कसा आला आणि त्यात मोजल्या जाणाऱ्याला कधी काही विचारले गेले का, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात डिंगोऱ्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणाहून करता येते. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीच्या काळचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी यांची ती यादी आहे, आणि दानांचे आकडे हजारांच्या घरात जातात. भारतात अंक कोरून लिहिल्याच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी लोकांची समजूत आहे. आपल्या सह्याद्रीत मोजणी एवढी जुनी आहे, पण येथे देणाऱ्याचे मोठेपण मोजले आहे. घेणाऱ्यांची संख्या कोणी कोरून ठेवली नाही.

हा लेख आधुनिक जगाच्या नजरेस आणला तो विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने, १८२८ साली. साइक्स तेथे केवळ हौसेने गेला नव्हता. पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली असताना, १८२४ च्या ऑक्टोबरात, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्याला ‘सांख्यिकी वृत्तलेखक’ म्हणून नेमले होते. नवा मुलूख हाती आला होता, पण त्यात काय आहे हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत साइक्स गावोगाव हिंडला. माणसे, घरे, गुरे, नांगर, पिके, भाव, पाऊस, हवेचा दाब, नद्यांतील मासे, रानातील पक्षी यांपैकी त्याने काहीही सोडले नाही. पक्ष्यांच्या अभ्यासकांना त्याचे नाव आजही परिचित आहे. चंडोलाच्या एका जातीला त्याचे नाव मिळाले आहे. काटकसरीपायी १८२९ च्या अखेरीस सरकारने त्याचे पद रद्द केले, तरी रजा घेऊन त्याने काम पुरे केले आणि जानेवारी १८३१ मध्ये अहवाल संपविला. पुढे लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीच्या आद्य सभासदांत तो होता व १८६३ ते १८६५ या काळात तिचा अध्यक्ष झाला. आज देशादेशांची तुलना करणाऱ्या शास्त्राच्या पूर्वजांपैकी एकाचे शिक्षण जुन्नरच्या डोंगरवाटांवर झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

साइक्सची एक गोष्ट मला विशेष वाटते. जमिनीच्या हक्कांविषयी लिहिताना तो कुलकर्ण्यांच्या दप्तरातील मराठी कागदांकडे वळला. ‘थळझाडा’ नावाच्या त्या कागदांत गावची शेते कोणत्या कुळाच्या थळात मोडतात ते लिहिलेले असे. काही थळांची कुळे केव्हाच नष्ट झाली होती, तरी शेत त्यांच्याच नावाने ओळखले जाई. अशा जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. म्हणजे गाव स्वतःची मोजणी आधीच ठेवीत होते, आपल्या शब्दांत, आपल्या हिशेबाने. साइक्सने ती वाचली. अर्थात तो कंपनीचा नोकर होता आणि पुढे कंपनीचा संचालक झाला, हे विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात दुसरा एक मोजणीदार फिरत होता. त्याने मात्र गावाचे कागद वाचण्याऐवजी पुस्तकातील सिद्धांत बरोबर आणला होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण मुलकी अधिकारी इंग्लंडमधील हेलिबरी येथील कंपनीच्या कॉलेजात शिकला होता आणि तेथे अर्थशास्त्र शिकवायला साक्षात माल्थस होता. रिकार्डोच्या खंडसिद्धांताप्रमाणे शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा व उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शंभरातील पंचावन्न भाग सरकारने घ्यावेत, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष होता. त्यासाठी हजारो शेतांचे उत्पन्न आणि खर्च यांचे आकडे हवे होते. ते गोळा करणारे कारकून लाच घेत, कुलकर्णी सोयीचे सांगत, आणि शेतकरी जे सांगेल त्यावर उद्याचा सारा ठरणार असल्यामुळे तोही खरे सांगेना. त्याला दोष कोण देईल? पट्ट्या चुकल्या, भाव उतरले, हंगाम वाईट गेले. थकबाकीचा डोंगर झाला. वसुलीसाठी कुणब्यांचा छळ झाल्याचे पुढे मुंबई सरकारच्या स्वतःच्याच अहवालात नमूद झाले. कित्येकांनी गाव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखाची वाट धरली व शेते ओस पडली.

१८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली. सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी मागील वर्षांत गावाने प्रत्यक्षात किती भरले ते पाहिले, मातीची खोली व पोत पाहून जमिनीचे सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग पाडले आणि सारा तीस वर्षांसाठी बांधला. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसला तो या पद्धतीमुळे. तीही निर्दोष नव्हती. तिची मुदत संपून फेरआकारणीत सारा वाढला, त्यानंतर काही वर्षांतच, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला या गोष्टीत काही नवीन वाटणार नाही. दावीद राजाने यवाबाकरवी लोकांची शिरगणती केली, तिला नऊ महिने वीस दिवस लागले, आणि तिच्यामागोमाग देशावर मरी आली. गणती लढवय्यांची होती. राजाला आपले बळ मोजायचे होते. लूककृत शुभवर्तमानातील नावनिशी कैसर औगुस्ताच्या आज्ञेने झाली. त्या नोंदणीसाठी एका गरोदर स्त्रीला बेथलेहेमपर्यंत जावे लागले, एवढे तिचे वर्णन आपल्याला पुरते. ख्रिस्तसभेनेही मोजणी केली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाहाच्या नोंदवह्या बंधनकारक केल्या आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत ‘आत्म्यांची स्थिती’ या वहीची भर घातली. धर्मगुरूने घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबातील माणसांची नावे, वये आणि त्यांनी घेतलेले संस्कार तीत लिहावयाचे. या वहीत माणूस संख्या नसतो, त्याला नाव असते, ही तिची थोरवी. पण घरात दाणा आहे की नाही याचा रकाना तिच्यात नव्हता, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

दाण्याचा रकाना महाराष्ट्रात आणला तो पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गावची सरासरी जमीनधारणा १७७१ साली चाळीस एकर, १८१८ साली साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्ये फक्त सात एकर होती. १०३ कुटुंबांपैकी केवळ आठ कुटुंबे आपल्या जमिनीवर नीट जगू शकत होती. २८ कुटुंबांचे बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यावर भागे. उरलेल्या ६७ कुटुंबांचे कशानेच भागत नव्हते. सरकारी सारा वेळेवर वसूल होत होता आणि तरीही गाव दिवाळखोर होते, ही गोष्ट एका गावाच्या घरोघरच्या चौकशीनेच उघड झाली. (पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. तेथील जमिनीची किंमत आता एकरावर नव्हे, चौरस फुटांवर ठरते.)

या परंपरेत पुढे गोखले अर्थशास्त्र संस्था आली. त्या संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दिवसाला २२५० उष्मांक देणारे अन्न ज्या खर्चात मिळते तेथे दारिद्र्याची रेषा धरली. १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागात ती माणशी महिना पंधरा रुपये होती.

राष्ट्राची श्रीमंती म्हणजे माणसांचा विकास नव्हे, हा विचार तेव्हा जगात इतरत्रही मूळ धरीत होता. लुई-जोझेफ लब्रे या फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरूने ब्राझील, सेनेगल अशा देशांत लोकांच्या राहणीमानाच्या पाहण्या करून त्यावर आधारलेले नियोजन सुचविले. सहावे पोप पॉल यांच्या १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकावर त्यांचा ठसा आहे. विकास केवळ आर्थिक वाढीने होत नाही, तो संपूर्ण माणसाचा आणि प्रत्येक माणसाचा असला पाहिजे, असे त्यात प्रतिपादन आहे. १९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांना एकत्र गुंफून मानवी विकास निर्देशांक सिद्ध केला. एवढे मोठे जीवन एका आकड्यात कोंबणे सेन यांना प्रथम पटले नव्हते. हक यांचे म्हणणे असे की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ढोबळ आकड्याला हटवायला तितकाच ढोबळ, पण अधिक माणुसकीचा आकडा पाहिजे. मला हक यांचे पटते, सेन यांची शंका जागी ठेवून.

लोकशाहीची मोजणी याहून अवघड. साक्षर मोजता येतात, स्वातंत्र्य कसे मोजावे? ‘व्ही-डेम’ची पद्धत अशी की प्रत्येक देशातील जाणकारांना प्रश्नावली पाठवायची व त्यांच्या उत्तरांचा शास्त्रीय मेळ घालायचा. २०२२ साली पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका निबंधात, अशा मूठभर तज्ज्ञांच्या मतांवर देशाचे मूल्यमापन कसे करता येईल, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही, पण आरसा वाकडा आहे म्हटल्याने चेहऱ्यावरचा डाग जात नाही.

दुसरा मार्ग लोकांनाच विचारण्याचा. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन केंद्राने १९६०च्या दशकापासून मतदारांच्या पाहण्या केल्या. पुढे ‘लोकनीती’ या त्याच्या उपक्रमात योगेंद्र यादव यांच्याबरोबर पुणे विद्यापीठातील सुहास पळशीकर यांनी मोठा वाटा उचलला. तुमच्या मताने देशाच्या कारभारात काही फरक पडतो का, या प्रश्नाला १९७१ मध्ये निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी होकार दिला होता, १९९६ मध्ये जवळजवळ साठ टक्क्यांनी. पाश्चात्त्य देशांत गरीब माणूस मतदानाला कमी जातो. आपल्याकडे तो श्रीमंताच्या मागे राहत नाही, हेही या पाहण्यांतूनच पुढे आले. तज्ज्ञांच्या तक्त्यात ही श्रद्धा उतरत नाही. मात्र लोकांची श्रद्धा आहे म्हणून संस्था शाबूत आहेत, असेही सिद्ध होत नाही.

त्याचे उदाहरण डिंगोऱ्याच्या दाराशीच आहे. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली व दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे हे घटनेचे बंधन झाले. तरीही मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि गट-रचना यांचे वाद न्यायालयात अडकले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षे उलटून गेली. या काळात डिंगोऱ्यातील मतदाराने आमदार निवडला, खासदार निवडला, पण शाळा आणि दवाखाना पाहणाऱ्या जिल्हा परिषदेत त्याचा सदस्य नव्हता. जागतिक अहवालांवर कडाडून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना हा मुद्दा फारसा आठवला नाही.

मोजल्या जाणाऱ्याला मोजणी वाचता येण्याची एक संधी २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या गणनेत होती. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला तेरा प्रश्नांवर शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. यादी ग्रामसभेपुढे ठेवावयाची. एक प्रश्न अंगावरच्या कपड्यांचा होता: माणशी सरासरी दोनांपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा अधिक असतील तर चार. शेवटचा प्रश्न तुम्हाला कोणती मदत हवी असा, आणि त्यालाही गुण! मजुरी हवी म्हणणाऱ्याला शून्य, म्हणजे तो गरीब. घर हवे म्हणणाऱ्याला तीन, म्हणजे तो तितका गरीब नाही. प्रिंगलच्या कारकुनापुढे उभा राहिलेला कुणबी आणि या प्रश्नापुढे बसलेली मजूर बाई यांच्यात पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही खरे सांगितल्याची किंमत मोजावी लागत होती. फरक एवढाच की बाईची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाण्याची तरतूद होती, आणि अमक्याच्या घरी ट्रॅक्टर असून तो यादीत कसा, असे विचारण्याचा हक्क तिला होता. तो हक्क गावागणिक किती वापरला गेला, हे कोणत्याच निर्देशांकात नाही.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. डिंगोऱ्याच्या ओळीतील २०११ चे आकडे तिच्यानंतर बदलतील. नाणेघाटातील अंक साइक्सच्या नजरेस पडले तरी ते अंक आहेत हे ओळखायला १८७६ साल उजाडले, आणि ते ओळखले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. तोपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे ते अभ्यासकांच्या नकलांत पडून होते.