परक्या भाषेतील नायक

रजनीकांत यांच्या दारिद्र्याची कथा चरित्रकारांनी पुष्कळ नटविली आहे. पोलीस शिपायाचा मुलगा, बालपणीच हरपलेले मातृछत्र, हमाली आणि बंगळूरच्या बसमधील कंडक्टरची नोकरी हा तपशील खराच. पण शिवाजीराव गायकवाड (जन्म १९५०) यांची खरी कसोटी भाषेची होती. घरात मराठी, बाहेर कन्नड. मद्रासच्या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या या तरुणास के. बालचंदर यांनी तमिळ शिकावयास सांगितले आणि 'अपूर्व रागंगळ' (१९७५) मध्ये लहानशी भूमिका दिली. पुढे काही काळ मुख्यतः खलपात्रेच वाट्यास आली.

'पराशक्ती' (१९५२) पासून तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन यांच्या दीर्घ, अलंकृत संवादांचा दबदबा होता. त्या परंपरेच्या कानांना रजनीकांत यांचे द्रुत, तुटक बोलणे खटकणारेच. ते सुधारून गुळगुळीत करण्याऐवजी त्यांनी त्यालाच लय दिली. उणिवेची शैली झाली. महेंद्रन यांच्या 'मुळ्ळुम मलरुम' (१९७८) मधील काली हा हात गमावूनही ताठा न सोडणारा कामगार. तेथे शब्दांहून नजर अधिक बोलते. पुढील अफाट लोकप्रियतेत हा संयम क्वचितच दिसला.