जयपूर जिंकलं, मालपुरा हरलं

१९६७ च्या निवडणुकीत एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी उभ्या होत्या. लोकसभेसाठी जयपूरमधून आणि राजस्थान विधानसभेसाठी मालपुऱ्यातून. (तेव्हा दोन्ही निवडणुका बरोबरच व्हायच्या, त्यासाठी वेगळी घोषणा लागायची नाही.) जयपूरने त्यांना परत दिल्लीला पाठवलं. मालपुऱ्याने घरी पाठवलं.

या बाई म्हणजे महाराणी गायत्रीदेवी. नाव घेतलं की आपल्याला काय आठवतं? शिफॉनची साडी, मोत्यांचा सर, 'व्होग'मधला तो फोटो. फार तर रामबाग पॅलेसचं एका रात्रीचं भाडं. मलाही एवढंच माहीत होतं. गेले दोन-तीन वीकांत मी स्वतंत्र पक्षाबद्दल मिळेल ते वाचत होतो आणि त्यात सारख्या या बाई आडव्या येत होत्या. शेवटी ठरवलं, आधी यांचं काय ते बघू.

सुरुवातीलाच एक गंमत सांगून टाकतो, कारण ती शेवटी लागणार आहे. गायत्रीदेवींची आई इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी. म्हणजे या अर्ध्या आपल्याकडच्याच! इंदिराराजेंचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. पण त्यांचा जीव जडला कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्यावर. मग त्यांनी सरळ माधवरावांना पत्र लिहून लग्न मोडलं आणि १९१३ मध्ये लंडनला जाऊन जितेंद्र यांच्याशी लग्न केलं. त्या काळी, दोन मराठी संस्थानांच्या मधोमध हा बॉम्ब! १९१९ मध्ये गायत्रीदेवी जन्मल्या, त्याही लंडनमध्येच. १९४० मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंहांशी लग्न झालं, त्यांची तिसरी राणी म्हणून. तीनच वर्षांत जयपूरमध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. पडद्यातल्या घराण्यांतल्या मुलींना शाळेत आणणं हे काम लोकसभेपेक्षा अवघड असावं असा माझा अंदाज आहे. असो.

आता स्वतंत्र पक्ष. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि त्यात सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करायच्या आणि मिळून कसायच्या. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते, गव्हर्नर जनरल होऊन गेलेले, म्हणजे आरामखुर्चीत बसायचं वय आणि हक्क दोन्ही होते. पण हा माणूस उठला आणि त्याने त्याच वर्षी नवा पक्ष काढला. सोबत मिनू मसानी (मुंबईचे माजी महापौर आणि त्याहून आधीचे समाजवादी) आणि आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा. ऑगस्टमध्ये मुंबईत पक्षाची पहिली मोठी बैठक झाली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने धंदा करू नये, शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहू द्यावी, आणि हे परमिट-लायसन्स-कोटा प्रकरण बंद करावं. आज वाचताना यात काही क्रांतिकारक वाटत नाही. पण आपल्या धंद्यातल्या जुन्या लोकांना विचारा, पहिल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना एक कॉम्प्युटर आयात करायला दिल्लीच्या किती वाऱ्या कराव्या लागायच्या ते! १९९१ मध्ये जे सुटलं आणि ज्याच्यावर आपले पगार चालू आहेत, ते सोडा असं हे लोक १९५९ मध्ये ओरडून सांगत होते. म्हणून मला या पक्षाबद्दल आधीपासून आपुलकी आहे. हे पूर्वग्रह म्हणून नोंदवून ठेवा.

पण आपुलकीने मतं मिळत नाहीत. मसानींचा मुक्त बाजार मुंबईच्या फोर्टमध्ये ठीक होता. राजस्थानात, गुजरातेत, ओरिसात मतं कोण आणणार? तिथे पक्षाला भेटले ते संस्थानिक आणि जहागीरदार. राजस्थानात १९५२ च्या कायद्याने जहागिऱ्या जायला लागल्या होत्या. मानसिंह आधी राजस्थानचे राजप्रमुख होते, १९५६ मध्ये ते पदच रद्द झालं. त्यामुळे एका पक्षात दोन वेगळेच उजवे आले. एकांना पुढे काय हवं ते माहीत होतं आणि दुसऱ्यांना मागे काय होतं ते आठवत होतं. फ्रंटएंड एका टीमचा, बॅकएंड दुसऱ्या टीमचा आणि दोघांनी एकमेकांचं डॉक्युमेंट वाचलेलं नाही, असा प्रोजेक्ट ज्यांनी केलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

गायत्रीदेवी यांपैकी कुठल्या? मला वाटतं, नीटशा कुठल्याच नाहीत. १९५७ मध्ये त्यांना खुद्द काँग्रेसनेच उभं राहायला विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पुढे जयपूरच्या जुन्या तटबंदीची पाडापाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी थेट नेहरूंकडे तक्रार केली. कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाचा यापेक्षा शब्दशः अर्थ कुठे सापडेल? भिंत पाडू नका! १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ जयपूरला पाहुणी येऊन गेली, वाघाची शिकारही झाली, आणि त्यानंतर लवकरच गायत्रीदेवींनी स्वतंत्र पक्षात प्रवेश केला. ज्या घराण्याला काँग्रेस सरकार दरवर्षी तनखा देत होतं, त्या घराण्याची बाई काँग्रेसच्या विरोधात उतरली. आतापर्यंत राजकारणात एकदाही पाऊल न टाकलेली.

१९६२ ची जयपूरची निवडणूक म्हणजे दंतकथा आहे. त्या जीपने गावोगाव फिरल्या. हिंदी बेताचं, कारण बालपण इंग्रजी आणि बंगालीत गेलेलं. पण भाषण ऐकायला कोण आलं होतं! लोक दर्शनाला आले होते. एरवी पडद्याबाहेर न येणारी महाराणी समोर उभी राहून हात जोडत्येय, हेच भाषण होतं. निकाल लागला तेव्हा मोजलेल्या साधारण अडीच लाख मतांपैकी १,९२,९०९ मतं एकट्या त्यांची होती. गिनीज बुकात जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. राज्यात स्वतंत्र पक्षाला १७६ पैकी ३६ जागा मिळाल्या आणि तो मुख्य विरोधी पक्ष झाला. काँग्रेसला बरोबर ८८, म्हणजे निम्म्या.

इथे मी बराच वेळ अडकलो होतो. कारण आकडा मोठा आहे, पण तो कशाचा आकडा आहे? सहकारी शेतीला विरोध? लायसन्स राजचा राग? की पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत जे घराणं राज्य करत होतं त्याला घातलेला मुजरा? मतपेटीत या तिघांची चिठ्ठी सारखीच दिसते. पक्षाच्या शहरी पुढाऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला असणार. विक्रम झाला की आत काय चाललंय ते कोण बघतं? प्रोडक्शनमध्ये चालतंय ना, मग हात लावू नका.

बाई मात्र संसदेत जाऊन नुसत्या शोभेला बसल्या नाहीत. १९६२ च्या शेवटी चीनचं युद्ध झालं तेव्हा त्यांनी भर लोकसभेत नेहरूंना फटकारलं, की तुम्हाला काही माहीत असतं तर ही वेळच आली नसती. नेहरूंनी बाईमाणसाशी वाद नको म्हणून विषय टाळला. पुढे १९६५ मध्ये शास्त्रींच्या सरकारने मानसिंहांना स्पेनमध्ये राजदूत नेमलं. गायत्रीदेवींनी काँग्रेसमध्ये यावं अशी इच्छाही त्यांच्या कानावर घालण्यात आली. त्या गेल्या नाहीत. हे मला आवडलं. नवरा सरकारचा राजदूत आणि बायको विरोधी बाकावर, असं घर आज कल्पनेतही उभं राहत नाही.

आणि मग १९६७. या वेळी राजस्थानात काँग्रेस खरंच पडू शकते असं चित्र होतं. स्वतंत्र आणि जनसंघाने जागा वाटून घेतल्या होत्या. कुंभाराम आर्यांसारखे मोठे जाट नेते काँग्रेस सोडून आले होते. जहागीरदारांच्या विरोधात हयात घालवलेली माणसं आणि जहागीरदार एका बाजूला! सरकार येणार असेल तर दिल्लीत बसून काय उपयोग? राज्यात जागा हवी. म्हणून गायत्रीदेवी मालपुऱ्यातून उभ्या राहिल्या. वरवर पाहता जागा सुरक्षित होती. १९६२ मध्ये तिथून त्यांचे सावत्र चिरंजीव जयसिंह स्वतंत्रतर्फे निवडून आले होते आणि पडले होते ते काँग्रेसचे मुरलेले दामोदरलाल व्यास.

१९६७ मध्ये समोर पुन्हा तेच व्यास. आणि या वेळी महाराणी पडल्या.

का? माझं वाचन असं आहे. लोकसभेचं मत माणूस लांबच्या गोष्टीला देतो. दिल्लीत आपल्या वतीने कोण दिसावं, एवढाच प्रश्न. तिथे महाराणी शोभते, उलट तिच्यासारखी दुसरी कोण? आमदार म्हणजे मात्र विहीर, तगाई, शाळेचा मास्तर, ठाण्यात अडकलेला भाचा. रात्री दहा वाजता ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं तो. व्यासांच्या ओट्यावर बसता येत होतं. राजवाड्याला ओटा नसतो. त्यात पाच वर्षं जागा राजघराण्याकडे होती, म्हणजे पाच वर्षं न झालेल्या कामांचा हिशेबही त्यांच्याच नावावर. आणि बाई स्टार प्रचारक म्हणून राज्यभर इतरांसाठी फिरत होत्या.

हे सगळं 'राजघराण्यांचा काळ संपला' या एका वाक्यात गुंडाळायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल. कारण त्याच निवडणुकीत शेजारच्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदेही दोन्हीकडे उभ्या होत्या. गुण्यातून लोकसभेला स्वतंत्र पक्षातर्फे आणि करेऱ्यातून विधानसभेला जनसंघातर्फे. त्या दोन्ही जिंकल्या! आणि लोकसभा सोडून विधानसभेत बसल्या. काही महिन्यांतच काँग्रेसचे आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार गडगडलं. फरक कुठे? विजयाराजे १९५७ पासून खासदार होत्या, तेही काँग्रेसमध्ये राहून. कोणता आमदार कोणावर नाराज आहे हे त्यांना आतून ठाऊक होतं. दहा वर्षांची नोकरी विरुद्ध पाच वर्षांची. शिवाय त्यांच्यामागे जनसंघ होता. गावात शाखा असलेला पक्ष आणि गावात फक्त गढी असलेला पक्ष, यातला फरक त्या लवकर ओळखून गेल्या असं मला वाटतं.

राजस्थानात निकाल लागले तेव्हा १८४ पैकी काँग्रेस ८९. स्वतंत्र ४८, जनसंघ २२, बाकी समाजवादी, एक कम्युनिस्ट आणि अपक्ष. विरोधक सगळे मिळून ९५. डुंगरपूरचे महारावळ लक्ष्मणसिंह त्यांचे नेते. (क्रिकेटवाल्यांसाठी: सचिनला संघात घेणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष राजसिंह डुंगरपूर यांचे हे वडील.) आमदार पळवले जाऊ नयेत म्हणून त्यांना जयपूरबाहेर कानोत्याच्या गढीत नेऊन ठेवलं. २०२२ मध्ये आपण गुवाहाटीची झाडी, डोंगर आणि हॉटेल बघत बसलो होतो आणि आपल्याला वाटत होतं की हे काहीतरी नवीन आहे!

राज्यपाल होते संपूर्णानंद. त्यांनी अपक्ष मोजायचेच नाहीत असं ठरवलं आणि सर्वांत मोठा पक्ष म्हणून काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना बोलावलं. जयपूर पेटलं. जमावबंदी, मोर्चे, ७ मार्चला गोळीबार, त्यात माणसं मेली. विरोधी आमदारांना दिल्लीला राष्ट्रपतींसमोर नेऊन उभं केलं गेलं. केंद्रात गृहमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १३ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली. एप्रिलअखेर ती उठली तेव्हा पुरेसे आमदार इकडून तिकडे गेले होते आणि २६ एप्रिलला सुखाडियांनी शपथ घेतली.

या सगळ्या दिवसांत गायत्रीदेवी जयपुरातच होत्या, धडपडत होत्या. पण आमदार नव्हत्या. ज्या सभागृहात माणसं मोजली जायची होती तिथे त्यांना खुर्ची नव्हती. त्या आत असत्या तर काँग्रेस आलीच नसती असं मी म्हणणार नाही, एका जागेने एवढं होत नाही. पण फुटू पाहणाऱ्या आमदाराच्या शेजारच्या बाकावर बसणं आणि त्याला बाहेरून निरोप धाडणं यात फार अंतर आहे.

देशात स्वतंत्र पक्षाला त्या वर्षी लोकसभेच्या ४४ जागा मिळाल्या, तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. १९७१ मध्ये आठ उरल्या. त्या आठांत जयपूर होतं. त्याच वर्षाअखेर तनखे रद्द झाले, पुढच्या वर्षी राजाजी गेले, १९७४ मध्ये पक्ष चरणसिंहांबरोबर विलीन झाला. १९७५ मध्ये आणीबाणीत गायत्रीदेवींना अटक झाली आणि त्या पाच महिने तिहारमध्ये होत्या. त्याच तुरुंगात विजयाराजे शिंदेही होत्या. म्हणजे इंदिराराजेंनी ज्यांना पत्र पाठवून नकार दिला त्या माधवरावांची सून आणि त्याच इंदिराराजेंची मुलगी, एका तुरुंगात. सुटल्यावर विजयाराजे राजकारणात राहिल्या. गायत्रीदेवी परत निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. २००९ मध्ये त्या गेल्या.

मानसिंहांची नात दियाकुमारी २०१३ मध्ये भाजपकडून आधी आमदार झाली, मग २०१९ मध्ये राजसमंदची खासदार. २०२३ मध्ये ती जयपूरच्या विद्याधरनगरमधून परत विधानसभेत आली आणि त्या डिसेंबरात राजस्थानची उपमुख्यमंत्री झाली. प्रचारात ती घरोघरी फिरली होती.