प्रदान-मांडणी, संगणकीय

प्रदान-मांडणी, संगणकीय : संगणकाचे फलित मजकुराच्या रूपात दाखविताना त्यातील कोणता भाग कोठे, किती रुंदीत आणि कोणत्या अटीवर छापावयाचा, हे सांगणारी सांकेतिक पद्धती. आज्ञा टंकून चालविल्या जाणाऱ्या साधनांत तिला विशेष महत्त्व आहे. संरेखन व सशर्त मांडणी ही तिची दोन प्रमुख अंगे होत. मजकूर ठराविक रुंदीच्या रकान्यात डावीकडे, उजवीकडे किंवा मध्यभागी बसविणे म्हणजे संरेखन. तर एखादी अट पुरी झाली असतानाच विशिष्ट मजकूर दाखविणे म्हणजे सशर्त मांडणी होय.

जागेवरून अर्थ कळावा ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. देशी हिशेबाच्या वहीत जमा डावीकडे व नावे उजवीकडे लिहितात. रक्कम रकाना सोडून सरकली, तर हिशेब चुकतो. संगणकाच्या क्षेत्रात या कल्पनेला निश्चित रूप फोर्ट्रान भाषेने (१९५७) दिले. आकडा किती स्थानांत व किती दशांश स्थळांपर्यंत छापावयाचा, हे या भाषेत स्वतंत्र विधानाने सांगता येऊ लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तेव्हा शास्त्रीय गणनेत हीच भाषा जगभर रूढ होती. आकडा नेमलेल्या जागेत मावला नाही, तर फोर्ट्रान ७७ च्या प्रमाणानुसार ती जागा तारकाचिन्हांनी भरली जाते. याउलट १९७०-८० या दशकात प्रसृत झालेल्या सी भाषेतील ‘प्रिंटएफ’ हे कार्य आकडा पूर्ण छापते व रकाना मोडू देते. पहिल्या पद्धतीत रकाना राखला जातो, दुसरीत आकडा.

व्यापारी कामासाठी निघालेल्या कोबॉल भाषेत (१९६०) अटीचाही समावेश झाला. आकड्यापुढील निरर्थक शून्ये गाळणे, तसेच रक्कम ऋण असेल तरच तिच्यापुढे दोन अक्षरी खूण छापणे, अशी सोय तिच्या चित्रसंकेतांत होती. रक्कम ऋण नसल्यास खुणेच्या जागी दोन रिकाम्या जागा सोडल्या जातात, त्यामुळे पुढील रकाना ढळत नाही. अट आणि संरेखन यांचा मेळ घालण्याचे हे सूत्र पुढेही उपयोगी पडले. कॉमन लिस्पमध्ये (१९८४) पर्यायांची निवड व संरेखन ही दोन्ही एकाच संकेतमालेत लिहिता येऊ लागली.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-व्यवस्थापन साधनात हीच दोन अंगे टप्प्याटप्प्याने आली. शाखांची यादी छापताना वापरावयाचा संरेखन-संकेत २.७ या आवृत्तीत (जानेवारी २०१६), तर ‘इफ-देन-एल्स’ हा सशर्त संकेत २.१३ या आवृत्तीत (मे २०१७) उपलब्ध झाला. तुलना सांगितली नसेल, तर अटीच्या जागी येणारा मजकूर रिकामा नसणे म्हणजेच अट पुरी होणे, असा त्याचा साधा नियम आहे. चालू शाखेपुढे तारका व इतरांपुढे तेवढीच मोकळी जागा ठेवण्याची रीत कोबॉलच्या सूत्राशी जुळणारी आहे.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी एक अक्षर म्हणजे एक स्थान हे गृहीत होते. रोमन लिपीत ते निभावले. देवनागरीत ते टिकत नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट तंत्राद्वारे संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या, आणि १९९१ च्या इस्की प्रमाणाने प्रत्येक वर्ण व चिन्हास एक बाइट नेमून दिला. युनिकोडच्या सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतनात मात्र देवनागरी वर्णास तीन बाइट लागतात. नांदेड जिल्ह्यातील ‘कंधार’ हे नाव घेतल्यास त्यात अक्षरे ३, वर्ण व चिन्हे मिळून ५ आणि बाइट १५ भरतात; ‘नांदेड’ या नावात हीच संख्या अनुक्रमे ३, ६ व १८ होते. दोन्ही नावे वीस स्थानांच्या रकान्यात बाइट मोजून बसविली, तर पहिल्यापुढे ५ व दुसऱ्यापुढे २ रिकाम्या जागा पडतात. दोन्ही नावे पडद्यावर सारखीच जागा व्यापत असल्याने नांदेडपुढील आकडा तीन स्थाने डावीकडे सरकतो. वर्ण व चिन्हे मोजली, तरीही एका स्थानाचा फरक राहतोच.

यावर उपाय म्हणून प्रत्येक चिन्हाची पडद्यावरील रुंदी सांगणारे कोष्टक वापरतात. मार्कुस कून यांनी तयार केलेले कोष्टक यासाठी प्रसिद्ध आहे. त्यानुसार अनुस्वाराची व वरखाली जोडल्या जाणाऱ्या मात्रांची रुंदी शून्य, तर कान्याची एक धरली जाते. त्यामुळे कंधार व नांदेड या दोन्ही नावांची रुंदी चार भरते आणि रकाने जुळतात. गिटमधील संरेखनही बाइटांऐवजी अशा स्थानांवर आधारलेले आहे. तथापि ‘महाराष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’ला हे कोष्टक तीन स्थाने देते, तर अक्षरवळणानुसार ते जोडाक्षर त्याहून कमी जागेत मावू शकते. म्हणून संरेखनाच्या संकेतात रुंदीचा आकडा देणे पुरेसे नसते. ती रुंदी बाइटांची, वर्णांची की पडद्यावरील स्थानांची, हेही निश्चित करावे लागते. नाहीतर मराठी नावांच्या यादीत एका रकान्यातील आकडा दुसऱ्या रकान्याखाली वाचला जाण्याचा धोका राहतो.