खेडचं कांद्याचं केंद्र

खेडचं राजगुरुनगर झालं त्याला किती वर्षं लोटली, पण आमच्या निरगुडसरकडची जुनी माणसं अजून खेडच म्हणतात. त्या खेडला, पुणे-नाशिक रस्त्यावर, कांदा आणि लसणाचं सरकारी संशोधन केंद्र आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं ते १९९४ साली नाशिकला काढलं आणि १९९८ साली खेडला आणलं. २००८ मध्ये त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला. एवढा मोठा शब्द आमच्या तोंडात बसत नाही. आम्ही आपलं 'कांद्याचं केंद्र' म्हणतो.

त्याआधी कांद्याकडं कुणी बघितलंच नव्हतं असं नाही. एन-५३, एन-२-४-१ या जाती निफाड-पिंपळगाव बसवंत भागातून निवडलेल्या, आणि त्या कितीतरी वर्षं शेतात टिकल्या. उसाचं पाडेगाव तर त्याहून जुनं, १९३२ सालचं. नीरेच्या कालव्यानं पाणी आलं, ऊस आला, आणि पाठोपाठ जमिनी चोपण व्हायला लागल्या. मग माती, पाणी आणि ऊस यांचा मेळ शोधायला तिथं केंद्र निघालं. को ७४० आणि को ८६०३२ या जाती मुळात कोइमतूरच्या, पण पाडेगावानं पारखल्यावरच आपल्याकडच्या शेतात आल्या. डिंभ्याचं पाणी आल्यावर आमच्या तालुक्यात ऊस वाढला, तेव्हा पाडेगावची गोष्ट इकडं जास्त सांगायला हवी होती असं मला वाटतं. पाटाचं पाणी मोजून द्यायचं असतं, हे पाणी आल्यावर कुणाला ऐकायचं नसतं.

पण ऊस राहू द्या, गोष्ट कांद्याची चाललीय.

आमच्या लहानपणी कांद्याचं बी विकत आणायचा रिवाज फारसा नव्हता. गरव्याच्या ढिगातून आई गोट निवडायची. मान बारीक, रंग एकसारखा, जोड नाही, कोंब नाही, असे कांदे ती बाजूला काढायची. थंडीच्या तोंडाला ते लावले की डेंगळे यायचे, पांढरी बोंडं फुलायची आणि मधमाश्या घोंघावायच्या. घरातलं बी घरातच राहायचं, उरलं तर शेजारच्याला. केंद्रातल्या माणसांनी पुढं सांगितलं ते असं, की कांद्यात परागीभवन माशीच करते आणि माशीला बांध कळत नाही. दोन जातींचे डेंगळे जवळजवळ असले तर बी भेसळ होतं. शुद्ध बी हवं तर मधे किलोमीटर-दीड किलोमीटर अंतर पाहिजे. आईची निवड चोख होती, पण पलीकडच्या रानात काय फुललंय त्यावर तिचा इलाज नव्हता.

पुढं घरची बियाणी मोडली आणि दुकानातलं पाकीट आलं. एका वर्षी आम्ही आणलेल्या पाकिटातला निम्मा कांदा डेंगळ्याला गेला आणि उरलेल्यात जोड जास्त निघाले. दुकानदार म्हणाला, हवामान बिघडलं. पावतीवर जातीचं नावसुद्धा धड नव्हतं.

म्हणून केंद्राच्या जातींचं मोल वाटतं. नावं सगळी भीमेची. भीमाशंकरची ही नदी खेडच्या कडेनं वाहते. पावसाळ्याला भीमा सुपर, भीमा डार्क रेड. उन्हाळी म्हणजे गरव्याला भीमा किरण, भीमा शक्ती, ज्या नीट राखल्या तर पाच-सहा महिने टिकतात. पांढऱ्यात भीमा शुभ्रा आणि श्वेता. लसणात भीमा ओंकार, भीमा पर्पल.

तरी मला विचाराल तर बियाण्यापेक्षा मोठं काम बराखीचं. पूर्वी बराख म्हणजे तुरकाट्यांचा कूड, वर पाचट किंवा सरमाड, आणि कांदा थेट जमिनीवर ओतलेला, जितका मावेल तितका. आषाढात खालचा थर घामेजायचा. घरात वास आला की बाया पाट्या घेऊन निवडायला बसायच्या, आणि चांगल्याबरोबर सडका किती निघाला याचा हिशेब कुणी मोठ्यानं करत नसे. केंद्रानं सांगितलं, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचला, खालून वारा घुसू द्या. थर पाच फुटांपेक्षा उंच नको, रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, दोन पाख्यांच्या मधे वाट सोडा. त्याच्या आधीचं काम शेतातलं. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं, निम्म्या पाती आडव्या झाल्या की उपटायचं, पातीसकट वाळवायचं आणि मान इंचभर ठेवून कापायची. यात नवं यंत्र काही नाही, त्यामुळं लोकांना आधी ते खरं वाटेना. ज्यांनी केलं त्यांचा कांदा दिवाळीपर्यंत कडक राहिला.

आणि इथंच गोम आहे. कांदा टिकवायचा तो भावासाठी. २०२३ च्या ऑगस्टात, बराखीतला कांदा बाहेर काढायच्या दिवसांत, सरकारनं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. शास्त्रज्ञ सहा महिने टिकणारा कांदा देतो आणि दिल्लीतला एक कागद सहा महिन्यांचं राखण वाया घालवतो. याला केंद्राचा दोष नाही. पण शिवारफेरीला गेलेला शेतकरी हाच प्रश्न विचारतो, आणि समोरचा माणूस रोपवाटिकेकडं वळतो.

२०२४ चा चैत्र लागला तेव्हा बंदी अजून होतीच, ती मे महिन्यात उठली. तोवर गरवा उपटून झाला होता. पाती वाळल्या, माना कापल्या, बराखी भरल्या. थर पाच फुटांचा, मधे वाट सोडलेली.